तान्हे मूल, चित्रपुस्तक आणि अवघड विज्ञान

आपल्या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली मुले-मुली आता स्वतः आई-वडील झाली आहेत. मेळाव्यास येतात तेव्हा अनेकांच्या कडेवर मूल असते आणि गप्पा ओघानेच त्या मुलाच्या शिक्षणाकडे वळतात. ज्यांच्या बालपणी घरात क्रमिक पुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नव्हते, तेच आता सहा महिन्यांच्या बाळासाठी पुस्तके घ्यावीत का, आणि घ्यावीत तर कोणती, असे विचारतात. त्यांपैकी शहरात नोकरी करणारे काही जण तान्ह्यांसाठी लिहिलेले क्वांटम भौतिकीचे पुस्तक मागवल्याचे सांगतात. अशा वेळी शेजारी बसलेले आजोबा हसल्याशिवाय राहत नाहीत. आजोबांचे हसू बरोबर, की मुलाची हौस बरोबर, हे जरा तपशिलात जाऊन पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. मी इतिहासाचा शिक्षक आहे. तेव्हा विज्ञानातील अधिकार मी सांगत नाही. परंतु जे अभ्यास झाले आहेत ते वाचून त्यांची संगती लावणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कामच आहे.

प्रथम त्या पुस्तकाविषयी. त्याचे लेखक क्रिस फेरी हे मूळचे कॅनडाचे भौतिकशास्त्रज्ञ असून ऑस्ट्रेलियात सिडनी येथील तंत्रज्ञान विद्यापीठात क्वांटम माहितीशास्त्रात संशोधन करतात. 'क्वांटम फिजिक्स फॉर बेबीज' हे पुस्तक त्यांनी २०१३ साली स्वतःच प्रसिद्ध केले. डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी आपल्या नवजात मुलीला हे पुस्तक वाचून दाखवतानाचे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि त्याचा जगभर बोलबाला झाला. पुढे २०१७ मध्ये एका अमेरिकी प्रकाशनसंस्थेने 'बेबी युनिव्हर्सिटी' या मालेत ते जाड पुठ्ठ्याच्या पानांवर नव्याने छापले. न्यूटनची भौतिकी, सापेक्षता, अग्निबाणाचे शास्त्र असे विषय घेऊन ही माला वाढतच गेली.

पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. आरंभी एक चेंडू दिसतो. मग त्याच चेंडूला ऊर्जा आहे आणि नाही, असे दाखवले जाते. पुढे सर्व वस्तू अणूंच्या बनलेल्या आहेत हे येते. अणूच्या मध्यभागी काही कण, भोवती इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन ठरावीक जागीच राहू शकतो, दोन जागांच्या मध्ये नाही. वर जायचे तर ऊर्जा घ्यावी लागते, खाली येताना ती द्यावी लागते. इथे पुस्तक संपते आणि बाळाला क्वांटम भौतिकशास्त्रज्ञ झाल्याची थट्टेने पदवी बहाल होते. प्रत्येक पानावर एखादेच छोटे वाक्य, मोठ्या गोल आकृती, ठळक रंग. हे चित्र भौतिकीच्या इतिहासात १९१३ सालच्या नील्स बोर यांच्या अणुप्रतिकृतीजवळचे आहे. नंतरच्या क्वांटम सिद्धान्ताने इलेक्ट्रॉनची अशी रेखीव वर्तुळे मोडीत काढली. म्हणजे नाव अद्ययावत असले तरी चित्र शंभर वर्षांपूर्वीचे आहे. मात्र यात मी दोष पाहत नाही. शाळेतही आपण मुलांना बोरच्याच अणूपासून पुढे नेतो.

दोष कुठे असेल तर तो आपल्या अपेक्षेत. नऊ महिन्यांचे मूल त्या पानावर काय पाहते? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ज्यूडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या मुलांसमोर वस्तूंची हुबेहूब रंगीत छायाचित्रे ठेवली, तेव्हा ती चित्रातली वस्तू चिमटीत पकडण्याचा प्रयत्न करू लागली. पान चोळले, खरवडले, उचलून पाहिले. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये बेंग समाजातील, चित्रांची फारशी सवय नसलेल्या बाळांनीही तेच केले. एकोणीस महिन्यांच्या सुमारास मात्र मुले चित्राला पकडायचे सोडून बोट दाखवू लागतात. चित्र ही वस्तू नसून वस्तूची खूण आहे, ही समज जन्मतः येत नाही. ती वर्ष-दीड वर्षात घडते. आपल्याकडे बाळ चित्रातल्या आंब्यावर तोंड लावते तेव्हा घरातील मंडळी कौतुकाने हसतात. वस्तुतः ते मूल एका मोठ्या कोड्याशी झगडत असते. ज्याला चित्रातला चेंडू अजून खूण म्हणून कळलेला नाही, त्याला तो चेंडू अणूची खूण आहे हे कळणे शक्य नाही. खुणेची खूण ही फार पुढची पायरी आहे.

तेव्हा आजोबांचे हसणे निम्मे बरोबर ठरते. उरलेल्या अर्ध्याकडे आता वळू, कारण तान्ह्या मुलाला 'काहीच कळत नाही' हा समजही तितकाच चुकीचा आहे.

पाळण्यातील प्रयोगशाळा

गेल्या साठ-सत्तर वर्षांत बाळांच्या मनाचा अभ्यास करण्याची एक साधी युक्ती सापडली : मूल कशाकडे किती वेळ पाहते हे मोजायचे. अपेक्षेबाहेर काही घडले की मूल अधिक वेळ टक लावते. १९६१ च्या सुमारास रॉबर्ट फॅन्ट्झ यांनी दाखवून दिले की अगदी कोवळी बाळेही कोऱ्या पृष्ठभागापेक्षा नक्षीकडे जास्त पाहतात. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटीमीटरवरचेच बरे दिसते. अंगावर घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा असतो तेवढे हे अंतर. म्हणून पहिल्या महिन्यांसाठीच्या पुस्तकांत काळ्या-पांढऱ्या ठळक आकृती असतात. १९९२ साली कॅरन विन यांनी पाच महिन्यांच्या मुलांसमोर एक बाहुली ठेवली, पुढे पडदा धरला आणि मुलाच्या डोळ्यांदेखत पडद्यामागे दुसरी बाहुली सरकवली. पडदा काढल्यावर दोनऐवजी एकच बाहुली दिसली, तर मुले अधिक वेळ पाहत राहिली. त्याचा अर्थ किती ताणावा याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ते बाळ काही एक हिशेब ठेवत होते, एवढे तरी मान्य करावे लागते.

मला स्वतःला सर्वांत उद्बोधक वाटला तो एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. अकरा महिन्यांच्या मुलांना एक वस्तू भिंतीतून आरपार गेल्याचा भास करून दाखवला. नंतर तीच वस्तू त्यांच्या हाती दिली, तर मुलांनी ती आपटून आपटून पाहिली, जणू ती खरोखर टणक आहे का याची परीक्षा घेत होती. ज्यांना वस्तू आधाराशिवाय हवेत तरंगल्याचा भास दाखवला होता, त्यांनी ती आपटली नाही. ती हातातून खाली सोडून पाहिली. जशी शंका तशी तपासणी. बोलता न येणाऱ्या, चालता न येणाऱ्या जिवाने आपल्या शंकेला साजेसा प्रयोग निवडावा, हे वाचून मी थक्क झालो. आपले बाळ वाटी-चमचा पुनःपुन्हा खाली टाकते आणि आपण त्याला 'मस्ती' म्हणतो.

आता एक गंमत पाहा. जे पाहून अकरा महिन्यांचे मूल चकित होते, तेच क्वांटम भौतिकीत खरे ठरते. इलेक्ट्रॉनसारखा कण, अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही, कधी कधी त्या अडथळ्याच्या पलीकडे सापडतो. म्हणजे क्वांटम जग का विलक्षण आहे हे कळण्यासाठी आधी चेंडूचे जग अंगवळणी पडलेले असावे लागते. भिंतीवर चेंडू आपटून परत येतो हे हजार वेळा अनुभवलेल्या माणसालाच भिंतीपलीकडच्या इलेक्ट्रॉनचे नवल वाटणार. फेरींनी हे पुस्तक चेंडूपासून सुरू केले यात म्हणूनच मला शहाणपण दिसते. फक्त त्या वयात पुस्तकातील चेंडूबरोबर खरा चेंडूही शेजारी असला पाहिजे.

जुनी वाट

अवघड ज्ञान लहानांपर्यंत चित्रांतून पोहोचवण्याची ही धडपड आजची नाही. योहान आमोस कोमेन्स्की, ज्याला युरोप कोमेनियस या नावाने ओळखतो, त्याचे 'ऑर्बिस पिक्टस' १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे छापले गेले. लॅटिन आणि जर्मन भाषेतील या पुस्तकात दीडशे पाठ आणि प्रत्येक पाठास एक चित्र. चित्रातील वस्तूंना आकडे दिलेले, तेच आकडे मजकुरात. युद्धाने देशोधडीला लागलेल्या, आयुष्याचा मोठा भाग निर्वासित म्हणून काढलेल्या या शिक्षकाला घोकंपट्टीची शाळा मान्य नव्हती. शब्द आणि वस्तू एकत्र शिकवाव्यात, असा त्याचा आग्रह. त्यातील विज्ञान आज कालबाह्य आहे. अग्नी, वायू, जल, पृथ्वी ही तेथे मूलतत्त्वे आहेत. तरीही रीत टिकली. त्यात एक पाठ आत्म्याविषयी आहे. जे दिसत नाही त्याचे चित्र कसे काढायचे, हा पेच कोमेनियसने माणसाची आकृती नुसत्या ठिपक्यांनी काढून सोडवला. आत्मा आहे की नाही, या वादात आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले आहे. पण न दिसणारे दाखवण्याचा चित्रकाराचा पेच खरा होता, आणि साडेतीन शतकांनंतर इलेक्ट्रॉन काढणाऱ्यापुढे तोच आहे.

इंग्लंडात १७६१ साली जॉन न्यूबेरी या प्रकाशकाने न्यूटनचे विज्ञान मुलांसाठी आणले. त्यात टॉम टेलिस्कोप नावाचा मुलगा भोवरा, चेंडू अशा खेळण्यांच्या साहाय्याने व्याख्याने देतो. ते पुस्तक खात्यापित्या घरांतील मुलांसाठी होते, हे त्याच्या शीर्षकातच स्पष्ट आहे. ज्ञान सोपे करणे आणि ज्ञान सर्वांसाठी खुले करणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मला जेन मार्सेट यांचे 'रसायनशास्त्रावरील संवाद' अधिक महत्त्वाचे वाटते. १८०६ च्या आसपासचे हे पुस्तक मुख्यतः स्त्रियांसाठी, प्रश्नोत्तराच्या सोप्या शैलीत लिहिलेले होते. लंडनमध्ये एका लोहाराचा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. बांधणीस आलेली पुस्तके तो वाचत असे; त्यात हे पुस्तक त्याच्या हाती पडले. तो मायकेल फॅरडे. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावणाऱ्या या शास्त्रज्ञाने पुढे मार्सेटबाईंचे ऋण कृतज्ञतेने मान्य केले. त्याने १८२५ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीतील विज्ञान-व्याख्यानांची प्रथा सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि १८६०-६१ च्या हिवाळ्यात केवळ एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. बांधणीच्या दुकानात पोहोचलेले एक सोपे पुस्तक काय करू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाव घ्यावे लागते. नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना १९२६ ची. १९४५ मध्ये काम बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती आणि शोभणारीही नव्हती. शंखशिंपले, गोटे, बिया, पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो गावोगावी पोहोचला.

पुस्तक निवडताना

जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये असे मत मांडले की कोणताही विषय कोणत्याही वयाच्या मुलाला, प्रामाणिक अशा काही रूपात, शिकवता येतो. या मताचा आधार पुष्कळ जण घेतात, परंतु 'प्रामाणिक' या शब्दाकडे दुर्लक्ष करतात. तान्ह्यांच्या बाजारात तर ते फारच होते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या आणि २००१ मध्ये डिस्ने कंपनीने विकत घेतलेल्या 'बेबी आइन्स्टाइन' या चित्रफिती लक्षावधी घरांत गेल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, आठ ते सोळा महिन्यांची जी मुले अशा चित्रफिती पाहत होती, त्यांना रोजच्या दर तासामागे सहा ते आठ शब्द कमी येत असल्याचे आढळले. हा कार्यकारणभाव सिद्ध झाला असे नव्हे, आणि त्या आकडेवारीचे पुढे वेगळे विश्लेषणही झाले. तथापि २००९ मध्ये कंपनीने ग्राहकांना पैसे परत देऊ केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये, दुसऱ्या वर्षातही नको, आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून अधिक नको. आपल्या घरांत घास भरवताना मोबाइल समोर धरण्याची पद्धत पडली आहे. त्या दृष्टीने, कोणत्याही विज्ञानपुस्तकाचा विचार करण्यापूर्वी हा मोबाइल बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

चित्रे कशी असावीत, याचेही उत्तर काही अंशी मिळाले आहे. गॅब्रिएल सिमकॉक आणि डिलोश यांनी २००६ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एक छोटे पुस्तक वाचून दाखवले. त्यात सुटे भाग जोडून खुळखुळा कसा करायचा हे दाखवले होते. मग मुलांना ते भाग दिले. रंगीत छायाचित्रे पाहिलेल्या मुलांना ते अधिक चांगले जमले. नुसत्या रेषांची चित्रे पाहिलेली लहान मुले मागे पडली. म्हणजे दोन वर्षांखालील मुलाला बेडूक शिकवायचा तर बेडकासारखा दिसणारा बेडूक हवा, टोपी घातलेला हिरवा गोळा नको.

टोपीवरून आठवले. पॅट्रिशिया गानिया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात असे दिसले की प्राणी माणसांसारखे बोलतात-वागतात अशी पुस्तके ऐकलेली मुले त्या प्राण्यांना माणसाचे गुणधर्म अधिक चिकटवतात. आपल्याकडे तर चिऊताई, काऊदादा, चांदोमामा हे नातलगच आहेत. त्यांना घराबाहेर काढा असे मी म्हणणार नाही; मुलाला जगाशी नाते जोडायला त्यांनी शिकवले आहे. परंतु गोष्टीचा आवाज वेगळा आणि माहितीचा आवाज वेगळा, हे भान मोठ्यांनी ठेवावे. चांदोमामाची गोष्ट झाली की गच्चीवर जाऊन काल चंद्र केवढा होता आणि आज केवढा आहे, एवढे दाखवावे.

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. बॉस्टन विद्यापीठातील डेबोरा केलेमन यांनी २०१४ मध्ये पाच ते आठ वर्षांच्या मुलांना नैसर्गिक निवडीचे तत्त्व चित्रगोष्टीतून शिकवून दाखवले. गोष्टीत सोंडेने किडे खाणारे काल्पनिक प्राणी आहेत. हवामान बदलते, किडे अरुंद बिळांत जातात. ज्यांची सोंड जन्मतःच बारीक, त्यांना अन्न मिळते, त्यांना पिल्ले जास्त होतात. पिढ्या उलटतात आणि कळपात बारीक सोंडेचेच प्राणी उरतात. तीन महिन्यांनंतरही मुलांना हे आठवत होते आणि दुसऱ्या प्राण्याला लावून सांगता येत होते. या यशाचे एक कारण भाषेत होते. 'गरज होती म्हणून सोंड बारीक झाली' असे एकही वाक्य पुस्तकात येऊ दिले नव्हते.

आता आपली मराठी पाहा. जिराफाला उंच पाने खायची म्हणून मान लांब झाली; आपल्याला पाणी मिळावे म्हणून पाऊस पडतो; वासरासाठी गाईला दूध येते. 'म्हणून' आणि 'साठी' हे दोन शब्द आपल्या तोंडी इतके बसले आहेत की निसर्गाला हेतू चिकटवल्याचे आपल्या ध्यानातही येत नाही. वर्गात मीही मुलांना इतिहासातील 'म्हणून' जपून वापरायला सांगतो. मुलाला वाचून दाखवणाऱ्याने हा एक शब्द सांभाळला तरी मोठे काम होईल. उलट काही वेळा भाषा चूक झाकते. एरिक कार्ल यांच्या 'भुकेल्या सुरवंटा'च्या १९६९ च्या प्रसिद्ध पुस्तकात फुलपाखरू ज्यातून बाहेर येते त्याला पतंगाच्या कोशाचा इंग्रजी शब्द वापरला आहे. फुलपाखराची कोषावस्था वेगळी असते. मराठीत रोजच्या बोलण्यात दोन्हींना कोशच म्हणतात, त्यामुळे ती चूक मराठीत दिसणारच नाही. सुरवंटाने सफरचंद खाल्ल्याची मात्र काळजी नको. त्या पुस्तकात विज्ञान आहे ते क्रमाचे. अंडे, अळी, कोश, फुलपाखरू. दोन वर्षांच्या मुलाला 'आधी' आणि 'नंतर' कळणे हेच मोठे विज्ञान.

आणि मातृभाषा? अणू हा शब्द दोन अक्षरांचा आहे, ऊर्जा हाही. ते मुलाला जड नाहीत, मोठ्यांनाच वाटतात. पण ज्या किड्याला घरी पैसा म्हणतात किंवा वाणी म्हणतात त्याला पुस्तकात 'सहस्रपाद' म्हटले तर मुलाच्या ओळखीचा किडाच हरवतो. आधी घरचा शब्द, मग पुस्तकातला. घरच्या शब्दाची लाज वाटलेली पिढी आपण पाहिली आहे. ती लाज पाळण्यापर्यंत पोहोचू नये. मराठीत पुठ्ठ्याच्या पानांची विज्ञानपुस्तके अजून थोडी आहेत. तरी प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य मिळतात. पुण्याचे अरविंद गुप्ता यांनीही असंख्य मराठी पुस्तके आपल्या संकेतस्थळावर सर्वांना खुली केली आहेत. ती छापून घेऊन पुठ्ठ्यावर चिकटवता येतात.

वाचायचे कसे

ज्या घरी आजी-आजोबांना अक्षरओळख नाही तिथे हे सारे कसे व्हावे, हा रास्त प्रश्न आहे. उत्तर आशादायक आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रपुस्तक वाचण्याची वेगळी रीत शिकवली : मजकूर वाचत सुटायचे नाही, मुलाला विचारायचे, तो जे बोलेल त्यात थोडी भर घालून परत द्यायचे. एका महिन्यात त्या मुलांच्या बोलण्यात ठळक फरक दिसला. पुढे मेक्सिकोतील गरीब कुटुंबांतील दोन वर्षांच्या मुलांमध्येही हीच रीत फलदायी ठरल्याचे दिसले. या रीतीला साक्षरता अनिवार्य नाही. 'हे काय?', 'ते काय करते?', 'मग काय झालं?' हे तीन प्रश्न कोणतीही आजी विचारू शकते. किंबहुना तिला घाई नसल्याने ती अधिक चांगले विचारते. हसणाऱ्या आजोबांनीही हे काम अंगावर घ्यावे.

वीकतची पुस्तके नसतील तर घरी करावीत. एक नमुना देतो. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे सहा घ्या, कोपरे कात्रीने गोल करा, कडेला कापडी पट्टी चिकटवा. मोबाइलवर स्वतःच्या घरातली छायाचित्रे काढून छापून आणा. मोबाइलचा हा उपयोग मला मान्य आहे. पहिल्या पानावर बादलीतले ओले फडके. दुसऱ्यावर ते दोरीवर, खाली थेंब पडत आहेत. तिसऱ्यावर दोरीवरचे फडके आणि ऊन. चौथ्यावर कोरडे फडके. पाचव्यावर सावलीत वाळत घातलेले दुसरे फडके, कारण केवळ उन्हानेच वाळते असा समज होऊ नये; सावलीतही वाळते, उशिरा वाळते. सहाव्या पानावर मुलाचा हात कोरड्या फडक्यावर, आणि खाली एकच प्रश्न : पाणी कुठे गेले?

एक वर्षाच्या मुलासाठी यात 'ओले' आणि 'कोरडे' एवढेच आहे. वाचताना शेजारी ओले फडके ठेवावे, गालाला लावावे. दोन वर्षांच्या मुलासाठी 'आधी' आणि 'नंतर'. तीन वर्षांच्या मुलाला तो शेवटचा प्रश्न खरा वाटू लागतो. तेव्हा 'उन्हाने पाणी पिऊन टाकले' असे सांगू नये, 'पाणी नाहीसे झाले' असेही नको. 'पाणी हवेत गेले, इतके बारीक बारीक होऊन की दिसत नाही' असे सांगावे. हे वाक्य खरे आहे. रिचर्ड फाइनमन यांनी, सारे विज्ञान नष्ट होऊन एकच वाक्य पुढच्या पिढीला देता येणार असेल तर सर्व वस्तू अणूंच्या बनलेल्या आहेत हेच ते वाक्य असावे, अशा आशयाचे म्हटले होते. दोरीवरच्या फडक्यापासून तिथवर रस्ता सरळ जातो. फेरींचे पुस्तक अणूकडून बाळाकडे येते. हे घरचे पुस्तक बाळाकडून अणूकडे जाते. ज्यांना परवडेल त्यांनी दोन्ही ठेवावीत. एकच शक्य असेल तर फडक्याचे करावे.

याच धर्तीवर सावलीचे पुस्तक करावे असे मी विशेषत्वाने सुचवतो. आपल्याच घरांत दिवसा विज्ञानाच्या गोष्टी आणि रात्री झोपत नाही म्हणून बागुलबुवा, मनगटात काळा दोरा, असा दुहेरी अभ्यासक्रम चालतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या ५१क (ज) या कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. ते अठराव्या वर्षी लागू होते असे तेथे म्हटलेले नाही. भिंतीवरची सावली दिव्याजवळ हात नेला की मोठी होते, दूर नेला की लहान होते. मुलाचा स्वतःचा हात, कंदील किंवा बॅटरी, भिंत, अशी चार-पाच छायाचित्रे पुरेत. अंधार म्हणजे उजेड नसणे, एवढे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने भिंतीवर तपासले आहे, त्याला बागुलबुवा दाखवून घाबरवणे पुढे जड जाते.

पुस्तक फाटेल, चावले जाईल, ओले होईल. ते उंच फळीवर ठेवू नये. मुलाच्या हाताला येईल अशा टोपलीत, जमिनीवर ठेवावे. एका बैठकीत तीन-चार मिनिटे पुरतात. मुलाने पान उलटे धरले तर सुलटे करण्याची घाई करू नये, मधूनच मागे गेले तर जाऊ द्यावे. तेच पुस्तक पन्नासाव्यांदा मागितले तर पन्नासाव्यांदा वाचावे. त्या वेळी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपण देण्याऐवजी त्याच्याकडूनच ऐकावे, आणि ते चुकीचे असले तरी लगेच दुरुस्त न करता फडके पुन्हा भिजवून दोरीवर टाकावे.